‘सेल’ कोणता? – सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द



या वेळच्या भित्तिपत्रकात इंग्रजीच्या कोपऱ्यासाठी लेख कोण लिहिणार, असे गुरुजींनी विचारले तेव्हा सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिले. कारण सगळ्यांना माहीत आहे. आमच्या पाटीची गोष्ट तालुकाभर झाली नसली तरी वर्गभर नक्कीच झाली आहे. तेव्हा ती लपवण्यात आता काही अर्थ नाही. तीच आधी सांगते, मग अभ्यासाचे बोलू.

आमचे थोडे शेत आहे. पावसाळ्यात भात, नागली, वरई. गेली काही वर्षे बाबा दोन-चार गुंठ्यांत स्ट्रॉबेरी लावतात. थंडीत फळ सुरू झाले की बोरगावहून सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बांबूच्या मांडवाखाली आम्ही ती विकायला बसतो. रविवारी गाड्या पुष्कळ असतात. नाशिकच्या असतात, सुरतेच्या असतात. शेजारच्या मांडवांवर छापील फ्लेक्स लागले, तेव्हा बाबा म्हणाले, “ताई, तू इंग्रजी शिकतेस ना? मग आपण फ्लेक्सला पैसे कशाला घालायचे? तूच लिही.” त्यांनी पत्र्याचा तुकडा आणला, पांढरा आणि लाल ऑइलपेंट आणला, ब्रश आणला. मी दोन संध्याकाळी बसून लिहिले – ‘फ्रेश स्ट्रॉबेरी हिअर फॉर सेल’. ‘स्ट्रॉबेरी’ हा शब्द पॅकिंगच्या खोक्यावर छापलेला होता, तो बघून काढला. ‘फ्रेश’ पण तिथेच होता. ‘हिअर’ आणि ‘सेल’ मात्र मला पाठ होते, म्हणून कुठे बघितलेच नाही!

रविवारी पाटी लावली. दुपारी एक मोठी गाडी थांबली. आतून एक बाई उतरल्या, पाटीकडे बघून हसल्या, आणि गाडीतल्यांना ओरडून म्हणाल्या, “अरे, यहाँ स्ट्रॉबेरी सुनने की है, खाने की नहीं!” मग सगळेच उतरले. दोघांनी मोबाइलवर पाटीचे फोटो काढले. एकाने हात हलवून होडीसारखे करून दाखवले. फळ कोणी घेतले नाही. गाडी गेली.

बाबांनी मला विचारले, “काय म्हणत होते गं?” मी म्हटलं, “मला नाही समजलं.” खरे सांगायचे तर मला समजले नव्हतेच, पण काहीतरी आपले चुकले आहे एवढे कळले होते. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून त्यांनी पाटी काढली आणि मांडवाच्या आतल्या बाजूला, तोंड भिंतीकडे करून ठेवली. त्या दिवशी घरी येताना आम्ही दोघे काहीच बोललो नाही.

सोमवारी मी वहीत पाटीवरची अक्षरे जशीच्या तशी लिहून गुरुजींना दाखवली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फक्त ‘हिअर’ आणि ‘सेल’ या दोन शब्दांखाली रेघ मारली आणि म्हणाले, “वाचायला दोन्ही बरोबर आहेत. लिहायला दोन्ही चूक आहेत. आता वही उघड, तुझ्याकडून हे कसे झाले ते आपण शोधू.”

(इथून पुढे स्पेलिंगे मी मराठी अक्षरांत लिहिली आहेत. म्हणजे ज्या पालकांना ए-बी-सी-डी नुसती ऐकून माहीत आहे त्यांनाही वाचता येतील. आपल्या महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आले. त्याआधी आपल्यासारख्या शाळांत ते पाचवीला सुरू व्हायचे, आणि पुष्कळांची शाळा त्याच्या आतच सुटली.)

मी लिहिले होते एच-ई-ए-आर. त्याचाही उच्चार ‘हिअर’, पण अर्थ ‘ऐकणे’. ‘इथे’ या अर्थाचा ‘हिअर’ आहे एच-ई-आर-ई. म्हणून त्या बाई म्हणाल्या, स्ट्रॉबेरी ऐकायची आहे. आणि ‘सेल’ मी लिहिला होता एस-ए-आय-एल. तो ‘सेल’ म्हणजे शिडाच्या होडीने जाणे, किंवा ते शीडच. ‘विक्री’चा ‘सेल’ आहे एस-ए-एल-ई. म्हणून त्या माणसाने होडी करून दाखवली. सुरगाण्याच्या डोंगरात मी शिडाची होडी आणून ठेवली होती!

असे जे शब्द बोलायला एक आणि लिहायला वेगळे असतात, त्यांना इंग्रजीत ‘होमोफोन’ म्हणतात. मराठीत आपण ‘समोच्चारी शब्द’ म्हणू.

मग गुरुजींनी माझी वही चाळली, आणि चोर सापडला. मी काय करत होते, आणि तुमच्यातलेही निम्मे काय करतात, ते सांगते. पुस्तकात इंग्रजी शब्द आला की त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहायचा, आणि पाठ करताना तो मराठी उच्चारच पाठ करायचा. माझ्या वहीत दोन वेगळ्या पानांवर दोन वेगळ्या शब्दांवर ‘हिअर’ असेच लिहिले होते. मला ‘हिअर’ पाठ होता, पण कोणता ‘हिअर’ ते पाठ नव्हते.

‘सेल’चे तर विचारूच नका. गुरुजींनी फळ्यावर देवनागरीत एकदाच ‘सेल’ लिहिले आणि विचारले, “याचे इंग्रजीत किती शब्द होतील?” मी म्हटलं, दोन. निघाले चार. एक सी-ई-डबल एल, म्हणजे आपल्या बॅटरीत घालतो तो सेल. दोन एस-ई-डबल एल, म्हणजे विकणे. तीन एस-ए-एल-ई, म्हणजे विक्री. चार एस-ए-आय-एल, म्हणजे माझी होडी. यातले पहिले दोन एकमेकांसारखे बोलतात, आखूड ‘ए’ काढून. शेवटचे दोन एकमेकांसारखे बोलतात, लांब ‘ए’ काढून. इंग्रजांच्या कानाला या दोन जोड्या आहेत. आपल्याकडे ‘ए’ची मात्रा एकच आहे, तिला इ-ई सारखा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. म्हणून आपल्या लिहिण्यात चारही एकाच मांडवाखाली येऊन बसतात.

म्हणजे पाहा, काही समोच्चारी शब्द इंग्रजीचे आहेत आणि काही आपण तयार केलेले आहेत. ‘युनिट टेस्ट’मधला टेस्ट आणि भाजीचा ‘टेस्ट’ आपण एकसारखाच लिहितो. इंग्रजीत परीक्षेचा टी-ई-एस-टी, चवीचा टी-ए-एस-टी-ई, आणि उच्चारही वेगळे. लिहायचा ‘पेन’ पी-ई-एन, दुखण्याचा ‘पेन’ पी-ए-आय-एन. शाळेचे ‘गेट’ जी-ए-टी-ई, मिळण्याचा ‘गेट’ जी-ई-टी. पत्र म्हणजे ‘लेटर’ एल-ई-डबल टी-ई-आर, आणि ‘नंतर’ म्हणजेही आपला ‘लेटर’च, पण एल-ए-टी-ई-आर. साधारणपणे एवढे लक्षात ठेवावे, की ‘ए’चा आवाज लांब असला तर शब्दात बहुधा ए हे अक्षर असते, आखूड असला तर बहुधा ई. ‘बहुधा’ म्हटले आहे, भांडायला येऊ नका.

गिरणीवरच्या पाटीचेही तेच. पुष्कळ ठिकाणी ‘फ्लोअर मिल’ लिहिलेले असते. फ्लोअर, एफ-एल-डबल ओ-आर, म्हणजे पायाखालची जमीन. ती कोण दळायला आणणार? पिठाचा शब्द एफ-एल-ओ-यू-आर, आणि त्याचा उच्चार चक्क ‘फ्लॉवर’, फुलासारखा. फूल म्हणजे एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर. गंमत म्हणजे पीठ आणि फूल हे इंग्रजीत मुळात एकच शब्द होते. दळलेल्या धान्यातला सगळ्यात चांगला, बारीक भाग म्हणजे त्याचे ‘फूल’, असे ते म्हणत. पुढे स्पेलिंगे फुटली आणि दोन शब्द झाले. भावाभावांची वाटणी झाली तरी आडनाव तेच राहते, तसा उच्चार तोच राहिला.

मी गुरुजींना जरा रागानेच विचारले, “इंग्रजांनी एका उच्चाराला एकच स्पेलिंग का नाही ठेवलं?” त्यावर त्यांनी जे सांगितले ते मला सगळ्यात आवडले, म्हणून ते सविस्तर लिहिते.

पूर्वी यातले पुष्कळ शब्द वेगळेच बोलले जात. ‘नाइट’चे उदाहरण घ्या. रात्र म्हणजे एन-आय-जी-एच-टी. सरदार, किंवा बुद्धिबळातला घोडा, म्हणजे के-एन-आय-जी-एच-टी. आज आपण दोन्हींना ‘नाइट’ म्हणतो आणि पुढचा के, मधले जी-एच यांना नावे ठेवतो. पण काही शतकांपूर्वी इंग्रज लोक तो के खरेच उच्चारत, आणि जी-एच च्या जागी आपल्या ‘ख’ला जवळचा घशातला आवाज काढत. ‘मीट’ म्हणजे भेटणे, एम-डबल ई-टी, आणि ‘मीट’ म्हणजे मटण, एम-ई-ए-टी, यांचेही स्वर वेगळे होते. पुढे बोलणे बदलत गेले. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले लांब स्वर जवळजवळ सगळे जागा सोडून सरकले. पण नेमक्या त्याच काळात, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टन याने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. छापलेले शब्द हळूहळू पक्के होत गेले, आणि १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सन यांचा मोठा शब्दकोश निघाला तोवर बहुतेक स्पेलिंगे ठरून गेली होती. बोलणे पुढे चालत गेले, लिहिणे मागे उभे राहिले. म्हणजे न बोलला जाणारा के हा वेडेपणा नाही, ती जुन्या आवाजाची खूण आहे. पायवाट बदलली तरी जुन्या वाटेवरचा दगड तिथेच असतो ना, तसे.

आणि आपल्या मराठीने काय केले? तुमच्या आजोबांच्या काळचे एखादे पुस्तक मिळाले तर बघा, त्यात ‘कांहीं’, ‘पांच’, ‘नांव’ असे शब्द सापडतील. डोक्यावर टिंब आहे, पण ते कोणी बोलत नाही. तो आपला मुका के! १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम झाले आणि असे न बोलले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्यामुळे लिहिणे सोपे झाले, पण माणसाचे ‘नांव’ आणि पाण्यातली ‘नाव’ दोन्ही आता ‘नाव’ झाली. आपण वाक्यावरून ओळखतो. इंग्रजांनी टिंबे काढली नाहीत, एवढाच फरक.

आपल्याकडे समोच्चारी शब्द नाहीत असे मात्र समजू नका. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. ‘शिर’ म्हणजे डोके, ‘शीर’ म्हणजे रक्त वाहते ती. बोलताना आपण यांत फारसा फरक करत नाही, आणि मग शुद्धलेखनाच्या वहीत लाल रेघ येते. आपल्या तालुक्यातून पश्चिमेला गुजरातेत जाणाऱ्या पार आणि नार या नद्या घ्या. झाडाखाली बसायचा तो पार, पलीकडे जायचे ते पार, आणि नदीही पार. ‘पार पार गेली’ असे कोणी म्हटले तर बाहेरच्या पाहुण्याला काय कळणार? उलट प्रकारही आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहायला एक, पण ‘ज’ दोन वेगळे. आपल्यातले पुष्कळजण घरी कोकणी बोलतो, तीही समुद्रकाठच्या कोकणीहून निराळी, नाव तेवढे एकच. एवढे सगळे आपण रोज सांभाळतो, तर इंग्रजीचे चार-दोन ‘सेल’ सांभाळायला काय हरकत आहे?

आता ते सांभाळायचे कसे? गुरुजी म्हणाले, नुसते घोकू नका, शब्दाच्या पोटात बघा.

‘ऐकणे’वाल्या हिअरच्या पोटात ई-ए-आर आहे. ईअर म्हणजे कान! कानाने ऐकतात, संपले. आणि ‘इथे’वाला एच-ई-आर-ई हा ‘देअर’ म्हणजे तिथे, आणि ‘व्हेअर’ म्हणजे कुठे, या दोघांच्या पोटात जसाच्या तसा बसलेला आहे. टी लावा, तिथे. डब्ल्यू लावा, कुठे. तिन्ही जागेचे शब्द, तिघांची शेपूट एक. हे कळल्यावर दुसरा ‘देअर’ही सुटतो. ‘त्यांचा’ या अर्थाचा देअर टी-एच-ई-आय-आर आहे. तो जागेचा नाही, म्हणून त्यात ‘हिअर’ नाही.

मटणाच्या ‘मीट’मध्ये ई-ए-टी आहे, ईट म्हणजे खाणे. मित्राला लिहिताना हा मीट वापरलात तर काय होईल ते तुमचे तुम्ही समजा. बघण्याच्या ‘सी’मध्ये दोन ई, दोन डोळे धरा. समुद्राचा ‘सी’ एस-ई-ए. वजनाच्या ‘वेट’मध्ये ई-आय-जी-एच-टी, म्हणजे आख्खा आठ बसला आहे. आठला ‘एट’ म्हणता येते तर पुढे डब्ल्यू लावून ‘वेट’ म्हणता येईलच. थांबण्याचा ‘वेट’ डब्ल्यू-ए-आय-टी. काट्यावर स्ट्रॉबेरी तोलताना मला हा रोज आठवतो.

‘टू’चे तीन आहेत. टी-ओ म्हणजे ‘ला, कडे’. टी-डबल ओ म्हणजे ‘सुद्धा’ किंवा ‘फार जास्त’, त्यात ओ पण एक जास्त आहे. टी-डब्ल्यू-ओ म्हणजे दोन. या डब्ल्यूचा आपल्याला राग येतो, पण ‘ट्वेल्व्ह’, ‘ट्वेंटी’, ‘ट्विन’ म्हणजे जुळे, हे शब्द मोठ्याने म्हणून बघा. सगळ्यांत दोन लपलेले आहेत, आणि सगळ्यांत डब्ल्यू ऐकू येतो. ‘टू’मध्ये तो गप्प बसला आहे एवढेच.

‘सन’ दोन. सूर्याचा एस-यू-एन, मुलाचा एस-ओ-एन. सूर्य गोल, म्हणून त्यात ओ असेल असे वाटते, आणि तिथेच सगळे फसतात. आपण रोज फळ्यावर वार लिहितो, ‘संडे’चे स्पेलिंग आठवा, रविवार म्हणजे सूर्याचाच वार. तिथे यू आहे.

‘नो’ म्हणजे नाही, एन-ओ. ‘नो’ म्हणजे माहीत असणे, के-एन-ओ-डब्ल्यू. पहिला के विसरलात तर ‘मला इंग्रजी येते’ असे लिहायला जाऊन भलतेच होईल. ‘राइट’ म्हणजे लिहिणे, डब्ल्यू-आर-आय-टी-ई. ‘राइट’ म्हणजे बरोबर किंवा उजवा, आर-आय-जी-एच-टी. ‘वीक’ म्हणजे आठवडा, डबल ई. ‘वीक’ म्हणजे अशक्त, ई-ए. ‘वन’ म्हणजे एक, ओ-एन-ई. ‘वन’ म्हणजे जिंकले, डब्ल्यू-ओ-एन. आणि ‘आवर’ म्हणजे तास, एच-ओ-यू-आर, ‘आवर’ म्हणजे आमचा, ओ-यू-आर. तिसरे ‘आवर’ आमची आई सकाळी शाळेच्या वेळेला म्हणते, त्याचे स्पेलिंग नाही.

‘फोर’ म्हणजे चार, एफ-ओ-यू-आर, यू आहे. चौदालाही यू आहे. पण चाळीस, ‘फॉर्टी’, त्यातून यू गेला, एफ-ओ-आर-टी-वाय. का गेला? याला युक्ती नाही, हे पाठच करावे लागते.

एक गोष्ट राहिली. वर्गातल्या एकाने रजेच्या अर्जावर ‘डिअर सर’ लिहिले, त्यातला डिअर डी-डबल ई-आर असा. तो म्हणजे हरीण. प्रिय असेल तर डी-ई-ए-आर. गुरुजींनी अर्ज वाचला आणि म्हणाले, “हरणाने रजा मंजूर केली आहे, पण हरणाला शिंगे असतात हे ध्यानात ठेवा.” त्याचे नाव मी लिहीत नाही. त्यानेच माझ्या पाटीला सगळ्यात जास्त हसून घेतले होते, हे तेवढे लिहिते.

आता पाटीचे. त्या सोमवारी घरी जाऊन मी बाबांना सगळे सांगितले. आधी धीर होत नव्हता. जेवण झाल्यावर सांगितले. ते ऐकून म्हणाले, “म्हणजे लोक फळाला हसले नाहीत?” मी म्हटलं, “नाही, माझ्या अक्षराला हसले.” ते म्हणाले, “मला वाटलं माल बघून हसले.” आठ दिवस त्यांच्या मनात हेच असते, जर मी बोलले नसते तर. मग त्यांनी डब्यात उरलेला पांढरा रंग काढला. ‘हिअर’ आणि ‘सेल’ या दोन शब्दांवर दोन हात मारले. वाळल्यावर मी गुरुजींनी तपासलेला कागद समोर धरून पुन्हा लिहिले. बाबा शेजारी बसून एकेक अक्षर विचारत होते, “हे कोणतं? याच्या पोटात कान नाही ना?” मी म्हटलं, “नाही, कान काढला.” पुढच्या रविवारी पाटी परत लागली. उन्हात नीट बघितले तर पांढऱ्याखालून जुनी लाल होडी अजून थोडी दिसते.

आता तुमची पाळी. खाली वाक्ये दिली आहेत. कंसातला कोणता शब्द हवा आणि त्याचे स्पेलिंग काय, ते कागदावर लिहून इंग्रजीच्या कोपऱ्याखालच्या खोक्यात टाका. पालकांनीही टाकावे, नाव लिहिले नाही तरी चालेल. उत्तरे शनिवारी दप्तराविना शाळेच्या तासाला फळ्यावर लिहीन.

१. बॅटरीतला (सेल) संपला, म्हणून बाबा नवा आणायला गेले.
२. आमच्या शेतावर सकाळी (डिअर) आले होते, पिलू पण सोबत होते.
३. मावशी (देअर) राहते, नदीच्या पलीकडे.
४. आजारपणानंतर आजी फार (वीक) झाली आहे.
५. गिरणीतून ताजे (फ्लॉवर) आणले, भाकरी कर.
६. मला पण (टू) ये म्हणाले होते.
७. ‘मी बाजारात मामाला (मीट) केले’ – इथे फार जपून!

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी